दोन मिनिटं ऐकून घ्या, हे मागे घेतो

काका (निवृत्त आहात असं लिहिलंत म्हणून काका म्हणतो),

टेलिमार्केटिंगचे फोन करणाऱ्या पोरांचं दोन मिनिटं ऐकून घ्या, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुम्ही लिहिलंत: "डीएनडी (जाहिरातीचे फोन नकोत अशी नोंदणी) लावूनही रोज दुपारी झोपमोड होते आणि तुम्ही सांगता, बिचाऱ्या पोरांचं दोन मिनिटं ऐकून घ्या. मी तर सरळ शिव्या घालतो." तुमची ही प्रतिक्रिया झोंबली, कारण निम्मी बरोबर आहे.

ऐकून घ्या हा सल्ला चुकलाच. 2014 साली पुण्यात आठ महिने मी पर्सनल लोनचे फोन केलेत, मला तरी कळायला हवं होतं. समोरचा दोन मिनिटं बोलला की आम्ही शीटमध्ये 'इंटरेस्टेड' टाकायचो आणि संध्याकाळी टीएल (टीम लीडर) स्वतः त्याच्या मागे लागायचा. चांगुलपणाची शिक्षा!

पण शिव्यांचं ऐका. एका गृहस्थांनी माझा असा उद्धार केला की कानातला हेडफोन काढून ठेवला. आणि शीटमध्ये काय लिहिलं? 'कॉल बॅक'. कारण 'नॉट इंटरेस्टेड' जास्त झाले की टीएल सगळ्यांसमोर विचारायचा, "पिच नीट मारतोस ना?" दुसऱ्या दिवशी तोच नंबर शेजारच्या मुलीच्या वाट्याला गेला. उरलेल्या शिव्या तिने खाल्ल्या.

डीएनडी लावूनही फोन का येतात? नोंदणी केलेल्या टेलिमार्केटरचे जाहिरातीचे फोन 140 ने सुरू होणाऱ्या नंबरवरून येतात आणि डीएनडी लावलेले नंबर त्यांच्या यादीतून गाळले जातात. आमच्याकडे साधी दहा आकडी सिमकार्डं आणि कुठून तरी आलेली एक्सेल फाइल. गाळणार कोण?

तेव्हा "नको" म्हणा, फोन ठेवा आणि 1909 वर तक्रार करा: नंबर, तारीख, काय विकत होता ते. ट्रायने (दूरसंचार नियामक) फेब्रुवारी 2025 मध्ये नियम बदललेत. तक्रारीला तीनऐवजी सात दिवस मिळतात, डीएनडी लावलेलं नसलं तरी बिननोंदणीच्या नंबरची तक्रार चालते. कारवाईसाठी पूर्वी सात दिवसांत दहा तक्रारी लागायच्या, आता दहा दिवसांत पाच पुरतात. पाच जण तर तुमच्या सकाळच्या फिरायच्या ग्रुपमध्येच सापडतील.

नंबर बंद झाला तरी मालक नवं सिम आणेल म्हणाल. आणतोच. पण आमचं एक सिम बंद पडलं त्या दिवशी अर्धं ऑफिस दुपारपर्यंत चहा पीत बसलं होतं, आणि टीएल आपलं आधार कार्ड घेऊन सिमच्या दुकानाबाहेर रांगेत.