सुट्टीच्या दिवशीची फक्की

कॉलेजच्या क्रीडा विभागात काम करतो असं सांगितलं की समोरचा माणूस आधी माझ्या पोटाकडे बघतो आणि मग म्हणतो, "मजा आहे बुवा तुमची! खेळायचा पगार घेता." खेळतात विद्यार्थी. आम्ही आखतो, मोजतो, शिट्टी मारतो, मोजलेलं पुन्हा मोजतो आणि अंधार पडला की गोळे मोजून कपाटात ठेवतो. अर्धा भूमापक, अर्धा गोदामपाल आणि मधल्या भागात लटकणारी शिट्टी, असा हा प्राणी आहे.

त्यातून जगाची सुट्टी तो आमचा हंगाम. मैदान रिकामं मिळतं ते सुट्टीलाच. म्हणून स्पर्धा रविवारी, ट्रॅक आखणं शनिवारी आणि गवत कापणं शुक्रवारी. हा क्रम चुकवू नये. रेषा आधी मारल्या आणि गवत नंतर कापलं, तर पांढरी झालेली पाती यंत्राच्या पोटात जातात आणि आपल्याला हिरवंगार, निष्कलंक मैदान परत मिळतं.

रेषा मारायला फक्की म्हणून खडूची भुकटी घ्यावी. कुणीतरी उत्साहाने कळीचा चुना आणून देतो. तो नम्रपणे परत करावा. ओल लागली की तो तापतो, घामेजल्या कातडीला भाजतो आणि डोळ्यांत गेला तर कायमची इजा करतो. दव सुकायच्या आत कामाला सुरुवात करण्यातही शहाणपणा नाही. ओल्या गवतावर फक्कीची गाडी नेली की चाकाला लगदा चिकटतो, खालची चाळण बुजते आणि गाडी रेषेऐवजी दर दहा पावलांवर एकेक पांढरा लपका टाकत जाते. लांबून पाहणाऱ्याला मैदानात बगळे उतरल्यासारखं वाटतं.

ट्रॅक पुस्तकात फार सोपा असतो. मैदानाच्या मधोमध एक सरळ रेषा, तिच्यावर ८४.३९ मीटर अंतरावर दोन खुंट्या, दोन्ही खुंट्यांभोवती एकेक अर्धवर्तुळ आणि त्यांना जोडणारे दोन सरळ भाग. झाला ४०० मीटरचा ट्रॅक. मैदानात मात्र आधी काटकोन लागतो. तो नजरेने येत नाही, कितीही अनुभवी नजर असली तरी. ९, १२ आणि १५ मीटरचा त्रिकोण टेपने धरायचा, म्हणजे ९ आणि १२ मधला कोन काटकोन. मग सरळ भागांची चारही टोकं ठोकायची आणि कर्ण मोजायचे. दोन्ही १११.७१ आले पाहिजेत. पहिल्या खेपेला एक ११२.०५ येतो आणि दुसरा १११.३८. दोघांत खोटं कोण बोलतंय हे शोधत बसू नये. दोघंही बोलत असतात.

खरी गंमत त्रिज्येत आहे. पुस्तकात ती ३६.५० मीटर दिलेली असते आणि पुस्तक चुकलेलं नसतं. ती त्रिज्या पक्क्या ट्रॅकची, जिथे आतल्या कडेला कर्ब, म्हणजे पाच-सहा सेंटिमीटर उंचीची कड असते. कर्बला पाय लागू नये म्हणून माणूस ३० सेंटिमीटर लांबून पळतो असं धरतात आणि अंतर त्या वाटेने मोजतात: ३६.८० त्रिज्येचा परीघ, अधिक दोन सरळ भाग, बरोबर ४००. आमच्या गवतावर कर्ब कुठला? नुसती रेघ. आणि नुसत्या रेघेपासून मोजायचं ते २० सेंटिमीटरवर. तरीही दरवर्षी कुणीतरी पुस्तकाला प्रमाण मानून ३६.५० नेच गोल फिरवतो, आणि फेरी होते ३९९.३७ मीटरची. ६३ सेंटिमीटर गायब. १५०० मीटरच्या शर्यतीत पावणेचार फेऱ्या, म्हणजे प्रत्येक धावपटूला सव्वादोन मीटरहून जास्त माफी. तक्रार कोणीच करत नाही. सगळ्यांची वेळ सुधारते, कॉलेजचे जुने विक्रम मोडतात आणि प्रशिक्षकाचा सत्कार होतो. ज्याला हे नको असेल त्याने कर्ब नसताना त्रिज्या ३६.६० घ्यावी. मग सत्कार होत नाही.

त्याच दहा सेंटिमीटरने स्टॅगर बदलतो. स्टॅगर म्हणजे बाहेरच्या लेनची फेरी लांब पडते म्हणून तिथल्या धावपटूला सुरुवातीलाच जितकं पुढे उभं करतात ते अंतर. पुस्तकात दुसऱ्या लेनचा स्टॅगर ७.०४ मीटर, तिसरीचा १४.७०. पहिला आकडा लहान, कारण पहिल्या लेनमध्ये ३० सेंटिमीटर धरलेत आणि बाकीच्यांत २०. गवतावर सगळ्या लेन सारख्याच, म्हणून प्रत्येक लेनला सरळ ७.६७ ची भर. लेनची रुंदी १.२२ मीटर, गुणिले दोन, गुणिले पाय (गणितातला, π). धावण्याच्या शास्त्रात सर्वांत उपयोगी पाय हाच. यात त्रिज्येचा काही संबंध नाही. जागा कमी पडली म्हणून २०० मीटरचा ट्रॅक आखला तरी एका फेरीचा स्टॅगर ७.६७ च राहतो. तिथे ४०० मीटर पूर्ण आपापल्या लेनमधून पळवायची तर फेऱ्या दोन, म्हणून स्टॅगर दुप्पट. हे समजावून सांगताना ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर जो भाव येतो, त्याला बघूनच गणिताचे प्राध्यापक लवकर म्हातारे होत असावेत.

आकडा बरोबर असला तरी तो मैदानावर उतरवायचा राहतो. आठव्या लेनचा स्टॅगर साडेत्रेपन्न मीटरहून थोडा जास्त, आणि तो वळणावर. टेप दोन टोकांना धरून सरळ ताणला तर मोजली जाते जीवा, कंस नव्हे. खूण पावणेचार मीटर पुढे पडते आणि आठव्या लेनमधला मुलगा आयुष्यात पहिल्यांदा हीट, म्हणजे प्राथमिक फेरी, जिंकतो. टेप लेनच्या आतल्या रेषेबाहेर २० सेंटिमीटरवर, वळणाबरोबर वळवत, दर दोन-तीन मीटरवर पायाने दाबत न्यायचा असतो. त्यासाठी पाच माणसं लागतात. येतात तीन. त्यांतल्या एकाच्या हातात मोबाईल असतो, म्हणजे अडीच.

टेपबद्दलही बोललं पाहिजे. लोखंडी टेप २० अंशांना खरा असतो. चाळीस अंशांच्या उन्हात १०० मीटरमागे सुमारे सव्वादोन सेंटिमीटर लांब होतो. ते चालवून घेता येतं. धाग्याचा टेप ओढणाऱ्याच्या तब्येतीप्रमाणे ताणतो. तेही ओढणारा एकच ठेवला तर चालतं. पण क्रीडा विभागाच्या कपाटात एक टेप असा असतोच, ज्याचा सुरुवातीचा तुकडा तुटलेला आहे. तो १ मीटरच्या खुणेवर धरायचा आणि शेवटी एक वजा करायचा असा अलिखित करार असतो. आखताना सगळ्यांच्या तो लक्षात असतो. रविवारी दुपारी गोळाफेकीच्या वेळी टेप नव्या माणसाच्या हातात जातो आणि ७.२६ किलोचा गोळा एकाएकी सगळ्यांच्याच हातून एक मीटर लांब पडू लागतो. मोजायची पद्धत अशी: शून्य गोळ्याच्या खड्ड्याशी, ज्या कडेला तो वर्तुळाला सर्वांत जवळ आहे तिथे. टेप वर्तुळाच्या केंद्रावरून ओढायचा, आकडा वाचायचा वर्तुळाच्या आतल्या कडेवर आणि सेंटिमीटरच्या खालचं जे असेल ते सोडून द्यायचं. सेक्टर, म्हणजे गोळा ज्या दोन रेषांच्या आत पडायला हवा तो भाग, ३४.९२ अंशांचा, पण त्यासाठी कोनमापक शोधू नये. केंद्रापासून दोन्ही रेषांवर २० मीटर जा आणि त्या दोन टोकांत १२ मीटर अंतर ठेवा. कोन आपोआप येतो. या नोकरीतली ही एकमेव गोष्ट आहे जी आपोआप येते.

एवढं करून दोन्ही केंद्रांवर सहा इंची खिळे जमिनीच्या किंचित खाली ठोकून ठेवावेत, म्हणजे पुढच्या वर्षी सगळं पहिल्यापासून करावं लागत नाही. ते खिळे पुढच्या वर्षी कुणालाच सापडत नाहीत. म्हणून प्रत्येक खिळ्याचं अंतर दोन पक्क्या ठिकाणांपासून, एखाद्या भिंतीचा कोपरा आणि एखादा खांब, मोजून वहीत लिहावं. मग पुढच्या वर्षी वही सापडत नाही.

रविवारचं सांगायचं तर १०० मीटरला सत्तावीस नावं आलेली असतात. आठ लेन, म्हणून सात-सात-सात-सहा अशा चार हीट रात्री जागून लावल्या जातात. सकाळी हजर एकोणीस. चौथ्या हीटला दोघं उरतात आणि ती दोघं मित्र असतात. तीन हीट पुन्हा लावायच्या, चेस्ट नंबर पुन्हा तपासायचे आणि तेवढ्यात एक मुलगा येऊन विचारतो, "सर, पिना आहेत का?" एका नंबराला चार सेफ्टी पिना लागतात. दोनशे नंबर असतील तर आठशे. खोकी भरून आणलेल्या पिना पहिल्या तासात संपतात. त्या कुठे जातात यावर रिलेतल्या बॅटनच्या, म्हणजे हातोहात द्यायच्या नळीच्या, बरोबरीने संशोधन व्हायला हवं. स्पर्धेला आठ बॅटन घेऊन गेलं की सात परत येतात, हे आता मी निसर्गनियम म्हणून स्वीकारलं आहे.

वेळ हातातल्या घड्याळाने घ्यायची असेल तर एका स्थानावर तीन घड्याळं ठेवावीत. दोन जुळली तर ती वेळ, तिन्ही वेगळी असली तर मधली. घड्याळ सुरू करायचं ते पिस्तुलाचा धूर बघून किंवा लाकडी फळ्या मिटताना बघून, आवाज ऐकून नव्हे. आवाजाला १०० मीटर यायला जवळजवळ ०.३ सेकंद लागतात. आवाजावर बोट दाबणाऱ्या टाइमकीपरने एका सकाळीत इतके विक्रम घडवलेले असतात की अंतर कमी आखल्याचा संशय पुन्हा माझ्यावरच येतो. घड्याळात ११.४२ दिसलं तर लिहायचं ११.५, कारण हाताची वेळ नेहमी वरच्या दशांशावर नेतात. यावर धावपटूचा मित्र मोबाईल नाचवत येतो: त्याच्या व्हिडिओत ११.०९ आहे. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये १०० मीटरच्या शर्यतीत जिम हाइन्स यांची वेळ हाताने ९.९ होती आणि विजेच्या घड्याळाने ९.९५. सगळं जग आवासून बघत असतानाही हात तेवढा उदार असतो, हे त्या मित्राला सांगून उपयोग नसतो. १९७७ पासून छोट्या शर्यतींच्या जागतिक विक्रमांना हाताची वेळ चालत नाही. कॉलेजात चालते, आणि तिच्यावर भांडणंही चालतात.

दुपारी ४०० मीटरच्या सुरुवातीला कुणीतरी वरिष्ठ मैदानात येतात, आठ लेनकडे रोखून बघतात आणि विचारतात, "त्या बाहेरच्या पोराला इतका पुढे का उभा केलाय? ओळखीतला आहे का?" मी दोन, पाय, आणि १.२२ पासून सुरू करतो. तेवढ्यात शर्यत संपते.

फावला वेळ म्हणाल तर तो ५००० मीटरच्या शर्यतीत मिळेल असं नवख्यांना वाटतं. साडेबारा फेऱ्या, निदान अठरा-वीस मिनिटं, सावलीत बसावं. इथेच घात होतो. पाचव्या फेरीनंतर पुढचे मागच्यांना एक फेरी टाकून पकडू लागतात आणि मग कोण पहिला आणि कोण एक फेरी मागचा हे देवालाही सांगता येत नाही. फेऱ्या मोजणाऱ्या एका माणसाकडे चारच धावपटू द्यावेत. त्याने प्रत्येक वेळी रेषा ओलांडताना घड्याळातली वेळ लिहावी, नुसत्या काट्या मारू नयेत. काट्यांच्या यादीत एक काटी चुकली की ती कुठली हे कळत नाही. वेळ लिहिली की दोन नोंदींत दुप्पट अंतर दिसतं आणि चोर सापडतो. एवढं सांगूनही शर्यत संपल्यावर एक मुलगा छातीवर हात ठेवून उभा असतो आणि त्याने तेरा फेऱ्या मारल्या की बारा यावर पाच माणसांची सभा भरते. त्याला विचारलं तर तो म्हणतो, "सर, मी मोजलंच नाही. तुम्ही मोजणार होता ना?"

भालाफेक मी मनापासून शेवटी ठेवतो, जेव्हा मैदानात कमीत कमी माणसं उरलेली असतात. १९८४ मध्ये उवे होन यांनी १०४.८० मीटर भाला फेकला आणि स्टेडियम अपुरी पडतील या भीतीने १९८६ पासून पुरुषांच्या भाल्याचा गुरुत्वमध्य पुढे सरकवला गेला. आमच्याकडे लांबीची भीती नसते, दिशेची असते. फेकलेला भाला चालत जाऊन आणायचा, टोक खाली धरून. परत फेकायचा नाही. हे वाक्य मी झोपेतही बोलतो, असं घरचे सांगतात.

घरचे आणखीही बरंच सांगतात. सोबत फिरायला गेलं की माझं लक्ष बोलण्याकडे नसतं म्हणे. गोलाकार बागेत बाहेरच्या वाटेने चालणाऱ्याला मी मनातल्या मनात पुढे उभा करत असतो. रेल्वेच्या फलाटावर गाडी थांबायच्या आत डब्याकडे झेपावणारी माणसं मला फॉल्स स्टार्ट वाटतात. टीव्हीवर ऑलिंपिकची अंतिम शर्यत चालू असताना सगळे धावणाऱ्यांकडे बघतात आणि मी लेनच्या रेषा बघतो. किती सरळ! पाच सेंटिमीटर, शेवटपर्यंत पाचच. ही आमची करमणूक.

संध्याकाळी बूट झटकावे तर बुटांतून फक्की, खिशांतून फक्की, शिट्टीच्या भोकातूनही फक्की. पाय वर करून बसतो तोच फोन वाजतो. उद्या सकाळी आठला त्याच मैदानावर फुटबॉलचा सामना आहे आणि पंचांना त्यांच्या रेषांखेरीज एकही रेषा दिसता कामा नये.

"सर, या पुसता येतात ना?"

मी खराटे किती आहेत ते आठवू लागतो. चार होते. म्हणजे तीन.