सुट्टे असतील तर द्या

लेकीच्या पहिलीच्या वहीत गृहपाठ आला : 'नाणी व नोटा ओळखा. घरी प्रत्यक्ष पैसे मोजा.' मी म्हटलं, दहा मिनिटांचं काम. फक्त पैसे हवेत.

तिथंच घोडं अडलं. माझ्या पाकिटात तीन कार्डं, पेट्रोलच्या दोन पावत्या आणि एक पासपोर्ट फोटो निघाला, ज्यात मला केस आहेत. बायकोकडं पाचशेची एक नोट होती, पण ती 'अडीअडचणीची'. शिक्षण त्यात बसत नव्हतं. शेवटी कपाटात आहेराचं कोरं पाकीट सापडलं. त्यावरचा रुपया नखानं उचकटून मी लेकीसमोर ठेवला.

"हा रुपया."

"आणि बाकीचे?"

बाकीचे आईच्या तूरडाळीच्या डब्यात होते. "एवढा पगार घेतोस, आणि घरात दहाची नोट न्हाई व्हय रं?" असं म्हणत तिनं थुंकी लावून दोनदा मोजलेले अडीचशे रुपये माझ्या हातावर ठेवले. "मोजून दिलेत. मोजून परत घेणार."

नाण्यांपासून सुरुवात केली. एका जुन्या रुपयावर अंगठा आहे, तसल्याच दोन रुपयांवर दोन बोटं. वा, म्हटलं, सरकारनं पहिलीच्या पोरांचा विचार केलाय. पण पाचाचं नाणं काढलं आणि लेकीनं ते दोनाच्या नाण्यावर ठेवलं. दोनाचं नाणं खालून चहूबाजूंनी डोकावत होतं.

"पाच दोनापेक्षा बारकं कसं?"

धातू वेगळा, जाडी वेगळी, असं काहीबाही सांगितलं. तिचा चेहरा बदलला नाही. मग वीसचं नाणं दिलं. त्याला बारा कोपरे. ते मोजण्यात पाव तास गेला, कारण गोल वस्तूचे कोपरे मोजताना सुरुवात कुठून केली ते विसरायला होतं. एकदा अकरा आले, एकदा सतरा. मी मोजले तेव्हा तेरा.

मध्येच आई म्हणाली, "चार आण्याची गोष्ट न्हाई, किती वेळ घालवताय!"

"आजी, चार आणे दाखव."

झालं! चार आणे म्हणजे पंचवीस पैसे, आणि ते 30 जून 2011 पासून बाद झालेत. रुपयाचे आणे सोळा आणि पैसे चौसष्ट, हा हिशोब 1 एप्रिल 1957 ला बदलला आणि रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. आई तेव्हा पहिलीतच होती. घरात आणे, शाळेत नवे पैसे, असं ती दोन्हीकडून शिकली. म्हणूनच तिला कुणी फसवू शकत नाही. मला मात्र भाजीवाल्यापासून विमा एजंटापर्यंत सगळे फसवतात.

नोटांकडं वळलो. पाच दहाच्या नोटा आणि एक पन्नासची समोर ठेवून विचारलं, "जास्त पैसे कुठं आहेत?" लेकीनं अर्थातच पाच नोटांवर हात ठेवला. दोन्हीकडं सारखेच, हे तिला पटेना. मी बोटं मोजून दाखवली, पाढा म्हटला, आवाज चढवला. आवाज चढवून गणित समजतं, ही आमच्या घराण्याची जुनी समजूत आहे.

मग तिनंच नोटा उलट्या केल्या. दहाच्या चार चॉकलेटी नोटांवर कोणार्कचं चाक. पाचवी जुनी, तिच्यावर गेंडा, हत्ती आणि वाघ. पन्नासच्या निळ्या नोटेवर हंपीचा दगडी रथ. थोडा वेळ ती बघत राहिली आणि म्हणाली, "पप्पा, मी सांगतो. चार चाकं, आणि ओढायला प्राणी. झाला की रथ!" (आमच्या कोल्हापुरात मुलीही 'मी सांगतो' म्हणतात. पुण्याच्या पाहुण्यांना त्याचा धक्का बसतो, आणि आम्हाला त्यांच्या धक्क्याचा.)

गेंडा रथ ओढेल का, हा प्रश्न मी गिळला. पन्नास जुळले होते.

आता प्रात्यक्षिक. रथाची नोट तिच्या मुठीत देऊन आम्ही कपिलतीर्थ मार्केटात गेलो. कोथिंबिरीची जुडी दहाला. लेकीनं नोट पुढं केली. मावशींनी तिच्याकडं बघितलं, मग टोपलीला टेकवलेल्या क्यूआर कोडाकडं, मग माझ्याकडं.

"दादा, फोनवरनं टाका की. सुट्टं न्हाई बघा."

"पोरगी पैसे मोजायला शिकतीय."

"मग व्हय!" म्हणून त्यांनी कनवटीची पिशवी सोडली. वीसची नोट निघाली, दहाचं नाणं निघालं, पुढं काही निघेना. उरलेल्या दहाची मिरची आणि कढीपत्ता पिशवीत पडला. पन्नासातून दहा गेले की चाळीस उरतात, असं मी घरून घोकून घेतलं होतं. त्या चाळिसात मिरची कुठं लिहायची?

वाटेत पेन्सिल घ्यायला थांबलो तर दुकानदारानं दहाचं नाणं बोटानं परत सरकवलं. "हे चालत नाही." मी रिझर्व्ह बँकेनं 2018 साली काढलेलं पत्रक तोंडपाठ सांगितलं : तोवर दहाच्या नाण्याचे चौदा नमुने निघाले होते आणि चौदाही चालतात. "बँकेत चालत असतील," तो म्हणाला.

"अंबाबाईला चालतं?" लेकीनं विचारलं.

मंदिर दोन पावलांवर. देवीनं काही नाणं परत सरकवलं नाही.

घरी आल्यावर आईनं चष्मा लावला, डबा पुढ्यात घेतला आणि मोजलं. "दोनशे वीस. तीस कुठायत?"

मी आठवत बसलो. लेक एका दमात म्हणाली, "दहाची कोथिंबीर, दहाची मिरची-कढीपत्ता, दहा देवीला."

"शानी हाय पोरगी," आई म्हणाली आणि माझ्यापुढं हात पसरला. "तीस दे."

मी फोन काढला. आईचा फोन बटणांचा. लेकीनं वहीचं पान फाडलं, त्यावर चौकटी चौकटी काढून काळ्या रंगवल्या आणि डब्याला टेकवून ठेवल्या. मी निमूटपणे फोन त्या कागदासमोर धरला. ती नाकातून आवाज काढून ओरडली, "तीस रुपये प्राप्त झाले!"

आईनं डबा उचलून कानाशी हलवला. "आवाज आला रं. पैसं कुठायत?"