परत तेच, मध्येच संपलेले रूळ

परत तेच! ट्रेन सिम्युलेटरचा, म्हणजे कॉम्प्युटरवर रेल्वे चालवायच्या गेमचा, नवा रूट विकत घेतला, रात्री जेवून निवांत बसलो, गाडीने वेग धरला, ब्रेकवर हात बसला आणि पाऊण तासात ‘प्रवास समाप्त’. पुढे रूळच नाहीत!

लंडन ते एडिनबरा 632 किलोमीटर आहे. गेम बनवणाऱ्यांनो, त्याचे तुकडे कशाला पाडता? आपली मुंबई-पुणे तर 192 किलोमीटरच. त्यातला नुसता कर्जत-लोणावळा घाट कापून दिला तर काय मजा? कर्जतला मागे बँकर, म्हणजे मागून ढकलणारी इंजिनं लागतात, 37 ला 1 चा (37 मीटरला एक मीटर वर) चढ सुरू होतो, गाडी कण्हत वर सरकते. तो चढ अंगावर येतो, कारण त्याआधी कल्याणपर्यंत लोकलच्या गर्दीत पिवळे, म्हणजे वेग आवरायला लावणारे सिग्नल खात आलेलो असतो. थेट घाटात नेऊन बसवलंत तर ते दमणं कुठून आणायचं?

म्हणे, लांब रूट उभारायला फार मेहनत लागते. मान्य आहे. मग झाडाचं एकेक पान कोरत बसू नका, साधी झाडं चालतील मला. आणि ज्यांना वेळ नाही त्यांनी मधल्या स्टेशनवरून सुरुवात करावी, कोण अडवतंय? लांब रूट हवा तेवढाच खेळता येतो, पण आखूड रूट ताणून लांब कसा करणार?

मला भर पावसात रात्री रोह्याहून निघायचंय, कोकण रेल्वेवरचा करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा पार करायचाय आणि उजाडता उजाडता मडगावला पोचायचंय. सलग.