फुकट खोलीची किंमत

मकाऊत नवं आलिशान कॅसिनो-रिसॉर्ट उघडलं की इकडे नागपुरात तर्री-पोह्याच्या ठेल्यावर गणितज्ञ उगवतातच! "रूलेटच्या फिरत्या चाकावर लाल रंगावर पैसे लाव, हरला की दुप्पट कर." वा रे बाप्पा! शंभरापासून दुप्पट करत सात डाव हरला की 12,700 गेले. आठवा डाव 12,800चा. तो जिंकून हाती काय? शंभर रुपये! तेही टेबलाची कमाल मर्यादा आधीच आडवी आली नाही तर. चाकावर घरं 37, लाल 18. हिरवा शून्य काय शोभेला ठेवलाय? एकाच आकड्यावर लावलं तर नफा 35 पट, हिशेबाने हवा 36. आणि म्हणे "कॅसिनोने खोली फुकट दिली"! अरे, तू किती हरशील त्या अंदाजावरच दिली ना! समुद्र तरी पाहिला का? खेळाच्या दालनाला बहुतेक खिडकीच नसते भाऊ, घड्याळ तर सोडाच.