डोंबलाचं कुटुंब!

आइस हॉकीची मॅच हरलो त्याचं काही नाही. हरणं अंगवळणी पडलंय. घरच्या बर्फावर सहा-एक हरलो, तेही आपल्याच बरोबरीने तळाला लोळणाऱ्या टीमकडून, तरी मुकाट गिळून घरी गेलो असतो. पण शेवटचा भोंगा वाजून लोक अजून पायऱ्यांवर आहेत, कोणाचा एक हात कोटाच्या बाहीत गेलाय, दुसरा जायचाय, आणि आजूबाजूचे सगळे फोन एकदम थरथरले. सीझन तिकिटाच्या नूतनीकरणाची मेल! वर मालकाचा हसरा फोटो, खाली त्याची छापील सही, आणि सुरुवात ‘प्रिय कुटुंबीय’.

डोंबलाचं कुटुंब! कुटुंबात असा एकतर्फी व्यवहार कोणी करत नाही. भाव वाढवलाय. का वाढवलाय, यावर अवाक्षर नाही. आतापर्यंत हप्ते पाडून मिळायचे, ते बंद. आता सगळे पैसे एकरकमी. ठरलेल्या तारखेपर्यंत ‘नको’ कळवलं नाही तर कार्डावरून परस्पर कापून घेणार. आणि ‘नको’ कळवायचं कसं? ‘हो’साठी टीमच्या रंगातलं भलंमोठं बटण आहे. ‘नको’साठी बटणच नाही. ऑफिसच्या वेळात फोन करायचा आणि पलीकडच्या माणसाला कारण सांगायचं. कारण! ज्या मालकाने ट्रेड डेडलाइनला, खेळाडूंच्या अदलाबदलीच्या शेवटच्या दिवशी, कॅप्टन का घालवला हे आजतागायत सांगितलेलं नाही, त्याला माझ्याकडून कारण हवंय!

पुढे धमकी. तिकीट सोडलंत तर प्लेऑफच्या, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेरीच्या, सीटवरचा पहिला हक्क जाईल. कसले प्लेऑफ? ज्या घरातल्या पोरांनी शाळेत जायला लागल्यापासून आपल्या टीमची प्लेऑफची एक मॅच बघितलेली नाही, त्या घराला प्लेऑफची भीती घालता? लाज वाटत नाही?

आणि मग ती शेवटची ओळ. निकाल काहीही लागो, तुम्ही येताच, हीच आमची ताकद, अशा अर्थाची. ती वाचली आणि माझं डोकं फिरलं. कारण त्यात खोटं काही नाही. आपण येतो हे त्याला पक्कं ठाऊक आहे आणि त्याचा सगळा हिशेब त्यावरच बसलाय. आपण ज्याला टीमवर जीव लावणं म्हणतो, ते त्याच्याकडे खात्रीचं उत्पन्न म्हणून जमेला धरलेलं आहे. डिफेन्स दुरुस्त केला काय, न केला काय, हे लोक येणारच. मग खर्च कशाला करा?

मॅच बघितलीत ना? दुसरा पिरियड, दोन-एकने मागे, आणि पॉवर प्ले मिळाला, म्हणजे त्यांचा एक गडी पेनल्टीत बाहेर. बरोबरीची संधी. पाचही जण जागचे हलायला तयार नाहीत. ब्लू लाइनवरून आपल्या डिफेन्समनने मान वर न करता आडवा पास दिला, थेट त्यांच्या काठीवर, आणि तो गडी एकटा सुटला. शॉर्टहँडेड गोल, एक गडी कमी असताना त्यांनी केलेला. आपल्या गोलीने, गोलकीपरने, काठी पोस्टवर आपटली. मग मान खाली घालून गोलपुढच्या क्रीजमधला बर्फ स्केटने खरवडत राहिला, पक, ती रबरी चकती, मध्यावर पोचला, फेस-ऑफची, खेळ पुन्हा सुरू करायची, वेळ झाली तरी. रात्रीमागून रात्र चाळीस-चाळीस शॉट झेलतोय हा. त्याच्यापुढे उभे केलेल्यांपैकी निम्मे अजून मायनर लीगमध्ये घडायला हवे होते आणि उरलेल्यांचे गुडघे कधीच संपलेत. त्या खेळाडूंवर माझा राग नाही. अंगावर शॉट घेतात, लंगडत बेंचवर जातात आणि पुढच्या शिफ्टला पुन्हा बोर्डावरून उडी मारून बर्फावर येतात. राग आहे तो त्यांना उघड्यावर टाकून वर काचेमागे बसलेल्या माणसावर.

त्या गोलनंतर वरच्या डेकवरून घोषणा सुरू झाली. ‘सेल द टीम.’ खालपर्यंत यायला अर्धं मिनिटही लागलं नाही. आणि लगेच स्पीकर वाढले. हे आता ठरूनच गेलंय. लोक ओरडले की गाणं लावायचं, लोक आणखी ओरडले की गाणं आणखी मोठं करायचं. कानठळ्या बसल्या. मला त्या स्पीकरचा आधीपासून तिटकारा आहे. खेळ थांबला रे थांबला की धडधड, शेजारच्याशी लाइन चेंजबद्दल, बर्फावरच्या गड्यांच्या अदलाबदलीबद्दल, दोन वाक्यं बोलायची सोय राहिलेली नाही. पण निदान तेव्हा तो नुसता कर्कशपणा होता. आता तो आमचं तोंड दाबायला वापरतात. दोन रांगा पुढे एक बाप-लेक जुन्या चादरीवर तीच घोषणा रंगवून घेऊन आले होते. सिक्युरिटीवाल्याने मागच्यांना दिसत नाही म्हणून ती काढून घेतली. त्या पोरीने स्वतः रंगवलेली अक्षरं होती ती, शेवटचं अक्षर मावेना म्हणून काठाशी दाबून बसवलेलं. तिने निमूटपणे घडी करून दिली. आणि हजेरी किती जाहीर केली? विकलेल्या तिकिटांचा आकडा. वरच्या दोन कोपऱ्यांवर काळं कापड घालून ठेवलंय, मधल्या खुर्च्यांत पाहुण्या टीमच्या जर्सी भरल्यात, आणि हे लोक आकडा वाचून दाखवतात.

कॅपमुळे, टीमच्या एकूण पगारावरच्या मर्यादेमुळे, सगळ्यांचे हात बांधलेले असतात, हे मला कोणी ऐकवू नका. कॅप आणायला एनएचएलच्या, या आपल्या लीगच्या, मालकांनी २००४-०५चा अख्खा सीझन लॉकआउटमध्ये बुडवला, तेव्हा सांगितलं होतं की आता सगळ्या टीम बरोबरीत येतील. २०२५-२६ला कॅपची वरची मर्यादा ९.५५ कोटी डॉलर आणि खालची ७.०६ कोटी. म्हणजे मध्ये जवळजवळ अडीच कोटी डॉलर. एक पहिल्या लाइनचा सेंटर आणि वर पहिल्या जोडीतला डिफेन्समन आरामात बसतो त्यात. आपला मालक खालच्या रेषेला चिकटून बसतो. आणि त्या रेषेपर्यंतही खेळाडू आणून पोचत नाही, कागद आणून पोचतो. जखमी होऊन कायमचे बसलेले, पुन्हा कधी बर्फावर न उतरणारे, त्यांची कॉन्ट्रॅक्टं घ्यायची, सोबत एखादा ड्राफ्ट पिक, नवे खेळाडू निवडायची एक पाळी, पदरात पाडायचा आणि त्याला रीबिल्ड म्हणायचं.

ॲरिझोनात हेच झालं होतं. नावाजलेला डिफेन्समन क्रिस प्रॉन्गर त्यांच्यासाठी एक शिफ्ट खेळला नाही, पण २०१५ला हॉल ऑफ फेममध्ये गेला तेव्हा त्याचं कॉन्ट्रॅक्ट त्यांच्याकडे होतं. पुढच्या वर्षी रशियन स्टार पावेल दात्सुकचं घेतलं. तो रशियात खेळत होता आणि ॲरिझोनाच्या कॅपमध्ये त्याचे ७५ लाख डॉलर धरले जात होते. तिथले लोक अशा टीमसाठी वर्षानुवर्षं घसा फोडत राहिले. ग्लेंडेलचं रिंक गेलं, मग २०२२पासून कॉलेजच्या पाच हजारही खुर्च्या नसलेल्या रिंकमध्ये बसून बघितलं. १७ एप्रिल २०२४ला शेवटच्या मॅचमध्ये टीमने एडमन्टनला ५-२ हरवलं, लोक जागचे हलेनात, आणि दुसऱ्याच दिवशी टीम युटाला गेल्याचं जाहीर झालं. १२० कोटी डॉलरचा व्यवहार! एवढी वाताहत केलेल्या टीमचे १२० कोटी! ओटावा २०२३ला विकली गेली तेव्हा सलग सहा सीझन प्लेऑफला मुकली होती, तरी ९५ कोटी आले. सिॲटलने लीगमध्ये यायला ६५ कोटी मोजले, तेही व्हेगस सोडून बाकी मालकांनी वाटून घेतले. मग सांगा, हरण्याने यांचं बिघडतं काय? बर्फावर कितीही मार खा, वरचा भाव वाढतोच. मार खायला खाली खेळाडू आहेत आणि खुर्च्यांवर आपण.

आणि आपला मालक मुलाखतीत काय म्हणतो? शहराने नवं रिंक बांधायला हातभार लावला नाही तर त्याला ‘सगळे पर्याय’ बघावे लागतील. किती जुनं हत्यार आहे हे! ओटावात मालक मेल्निकने डिसेंबर २०१७ला, लीगच्या शंभरीच्या आउटडोअर मॅचच्या आदल्या दिवशी, लोक कुडकुडत जुन्या आठवणी काढायला जमले असताना, टीम हलवण्याची भाषा केली. सणाच्या दिवशी घर विकायचं बोलला तो माणूस. लोकांनी वर्गणी काढून त्याच्याविरुद्ध होर्डिंग लावली, बरोबर केलं. आणि हार्टफर्ड? १९९६ला तिथल्या लोकांना सांगितलं, ११ हजार सीझन तिकिटं विका, टीम राहील. लोक कामधंदे सोडून तिकिटं खपवायला लागले, साडेआठ हजारांपर्यंत पोचले, आणि बक्षीस म्हणून एक सीझन मिळाला. १९९७ला टीम कॅरोलायनाला गेलीच. एवढ्यावर भागलं नाही. २०१८ला कॅरोलायनावाल्यांनी हार्टफर्डची हिरवी जर्सी घालून, हार्टफर्डचं गाणं वाजवून मॅच खेळली आणि तो माल दुकानात लावला. ज्यांची टीम नेली त्यांच्या आठवणीही विकल्या. हे मला कधीच सहन होणार नाही, माझी टीम नसली तरी.

मालक हे असेच, असं म्हणून खांदे उडवणाऱ्यांचाही मला कंटाळा आलाय. टोरांटोत मालक बॅलार्डला लीगने जर्सीवर खेळाडूंची नावं घालायला लावली, तर १९७८ला त्याने निळ्या जर्सीवर निळ्याच अक्षरांत नावं लावली, कोणाला वाचता येऊ नयेत म्हणून. छापील प्रोग्रॅमचा खप पडेल ही भीती! शिकागोत मालक बिल वर्ट्झ घरच्या मॅच टीव्हीवर दाखवू देत नव्हता. २००७ला तो गेला, तेव्हा पहिल्या घरच्या मॅचला त्याच्यासाठी शांतता पाळायला सांगितलं तर लोकांनी हुर्यो उडवली. मेलेल्या माणसाची हुर्यो उडवणं मला पटत नाही. पण आपल्याच शहरातल्या पोरांना आपलीच टीम बघू न देणाऱ्या माणसाविषयी तिथे काय साचलं असेल, ते मला कळतं. पुढच्या दहा वर्षांच्या आत तिथे लीगच्या अजिंक्यपदाचे तीन स्टॅनली कप आले. नंतर त्याच संघटनेतून काळिमा फासणाऱ्या गोष्टी बाहेर पडल्या हेही खरं, नवा मालक म्हणजे देवमाणूस असं मी म्हणत नाही. पण मालक बदलला की टीम बदलते, हे आकड्यांसकट समोर आहे.

आता राहिले ते ‘मग बघू नका ना’वाले. यांच्याइतका संताप मला मालकाचाही येत नाही. एवढा त्रास होतो तर दुसरी टीम धर म्हणतात. टीम धरायची असते का? मला या टीमच्या चौथ्या लाइनचा तो राइट विंग आवडतो, जो गोल करत नाही पण प्रत्येक पेनल्टी किलला, आपला गडी पेनल्टीत बाहेर असताना, पकच्या आडवा पडतो. मला ती वरच्या डेकची रांग आवडते, जिथे कोण कुठल्या रेफरीवर खार खाऊन आहे हे सगळ्यांना माहीत असतं. त्या मालकाने विकत घेण्याआधी हे सगळं होतं. त्याने फ्रँचायझी घेतली, रांग नाही घेतली. मी टीम सोडावी म्हणजे त्याने ती आणखी निवांत पोखरावी, असाच त्याचा अर्थ होतो. नाही सोडणार. तिकीट मात्र सोडतोय. फोन करणार, कारण विचारलं की त्याचंच नाव सांगणार आणि लिहून घ्यायला लावणार. पुढचा सीझन घरी बसून बघेन, एकही मॅच न चुकवता, पण माझ्या खिशातला पैसा त्याच्या खिशात जाणार नाही. तुम्हीही हेच करा असं माझं उघड म्हणणं आहे. ज्याला रिंकमधली सवय सुटत नाही त्याने निदान जर्सी, टोप्या, पार्किंग यातलं काही घेऊ नये.

यंदाच्या उरलेल्या मॅचचे पैसे भरलेले आहेत, त्यामुळे तिथे मी असणार. गोलीचं कॉन्ट्रॅक्ट ३० जूनला संपतंय. सात सीझन भरलेत, म्हणजे अनरिस्ट्रिक्टेड, १ जुलैला कोणीही उचलून नेईल, आणि बदल्यात आपल्याला एक पिकसुद्धा मिळणार नाही. इतकी वर्षं कॅपमध्ये मोकळी ठेवलेली जागा कशासाठी होती, याचं उत्तर आता द्या. सही सीझन संपायच्या आत झाली पाहिजे. नाही झाली तर शेवटच्या घरच्या मॅचला पहिल्या फेस-ऑफपासून घोषणा चालू होईल आणि स्पीकर कितीही वाढवा, तिसऱ्या पिरियडपर्यंत थांबणार नाही. चादरी प्रत्येकाने आपापल्या आणा. एक काढून घेतली तर दुसरी उघडायची.