गोरे, मग हिंदू, मग परत गोरे, मग एशियन

परवा इथे न्यूजर्सीत परत एका गेट-टुगेदरला ऐकून घेतलं, "अगं रेस (वंश) काय कोणी बनवलेली गोष्ट आहे का, डोळ्याला दिसते की, सायन्स आहे ते." समोर ताट होतं, यजमान बिचारे गरम पुऱ्या आणून वाढत होते, म्हणून तिथे वाद घातला नाही. इथे घालते. पोस्ट मोठी आहे, वेळ असेल तरच वाचा.

अमेरिकेत नागरिकत्वाचा पहिला कायदा १७९० चा. त्यात सरळ लिहिलेलं की नागरिक होता येईल फक्त 'फ्री व्हाइट पर्सन'ला. सिव्हिल वॉरनंतर १८७० मधे आफ्रिकन वंशाच्या लोकांनाही दार उघडलं. मधले सगळे लटकले, जपानी, सीरियन, आर्मेनियन, आपण. मग ज्याला नागरिक व्हायचंय त्याने कोर्टात जाऊन सिद्ध करायचं की मी गोरा आहे. आणि गंमत बघा (गंमत कसली म्हणा), कायद्याने काळ्यांचं दार उघडं असूनसुद्धा जवळजवळ प्रत्येक आशियाई माणसाने दावा केला तो गोरा असल्याचाच. त्या देशात कुठल्या रांगेत उभं राहिलं की काय मिळतं हे त्यांना पहिल्याच आठवड्यात कळलं असणार.

आपल्याकडचा सुरुवातीचा एक माणूस मुंबईचा पारशी, भिकाजी बलसारा, टाटांसाठी कापूस खरेदी करायचा. १९१० मधे न्यूयॉर्कच्या कोर्टाने सांगितलं की पारशी गोऱ्यांत बसतात. झाला नागरिक. १९१४ मधे सखाराम गणेश पंडित कॅलिफोर्नियात नागरिक झाले. नाव ऐकून आपल्या पेठेतले वाटतात पण जन्म गुजरातेतला. ते पुढे तिथेच वकील झाले आणि त्यांच्याकडे जी केस आली ती हा सगळा विषय समजायला पुरेशी आहे.

ती भगतसिंग थिंदची. पंजाबी शीख, पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात पगडी घालून नोकरी केलेला. त्याला नागरिकत्व मिळालं, चार दिवसांत काढून घेतलं, मग दुसऱ्या राज्यात परत मिळालं, सरकार अपिलात गेलं आणि केस सुप्रीम कोर्टात पोचली. त्याच्या आधी, नोव्हेंबर १९२२ मधे, ताकाओ ओझावा नावाच्या जपानी माणसाची केस त्याच कोर्टापुढे होती. त्याचं म्हणणं, बघा माझी कातडी, तुमच्यातल्या कितीतरी लोकांपेक्षा मी गोरा आहे. कोर्ट म्हणालं कातडीच्या रंगाचा संबंध नाही, व्हाइट म्हणजे कॉकेशियन (त्या काळच्या शास्त्रज्ञांच्या वर्गवारीतला एक वंश), आणि तू कॉकेशियन नाहीस. चला, निदान नियम तरी कळला. मग तीन महिन्यांनी, फेब्रुवारी १९२३ ला, थिंद उभा राहिला की साहेब तुमचे शास्त्रज्ञच उत्तर भारतीयांना कॉकेशियन म्हणतात, मग मी तुमच्याच नियमात बसतो. तर कोर्ट म्हणालं शास्त्रज्ञ काय म्हणतात ते राहू दे, व्हाइट म्हणजे सामान्य माणूस ज्याला व्हाइट समजतो तो, आणि तुला कोणी समजत नाही. दोन्ही निकाल लिहिणारा न्यायाधीश एकच, जॉर्ज सदरलँड, जो स्वतः इंग्लंडात जन्मलेला. जपान्याला घालवायचा तेव्हा शास्त्र, शिखाला घालवायचा तेव्हा शास्त्र बाजूला. आता सांगा सायन्स कुठे आहे यात!

पण मला जास्त टोचतं ते वेगळंच. थिंदच्या बाजूने जो युक्तिवाद झाला त्यात असं होतं की हा उच्च जातीचा आहे, शुद्ध आर्य रक्ताचा आहे, आणि लग्नाच्या बाबतीत उच्च जातीचा हिंदू भारतातल्या आदिवासींकडे त्याच नजरेने बघतो ज्या नजरेने अमेरिकन माणूस निग्रोकडे बघतो. एक शीख माणूस, नागरिकत्वासाठी 'उच्च जातीचा हिंदू' होऊन, गोऱ्यांना सांगतोय की आम्हीपण तुमच्यासारखेच लोकांना खाली ठेवतो, आम्हाला आत घ्या. घरची जात तिकडे जाऊन रेसचं सर्टिफिकेट व्हायला निघाली होती. आणि तरी घेतलं नाहीच.

रेस ही "सामाजिक रचना आहे", म्हणजे माणसांनीच बनवलेली, असं म्हटलं की लोकांना वाटतं म्हणजे खोटी, म्हणजे विसरून गेलो की संपली. तसं नसतं हो. निकालानंतर आधी नागरिक झालेल्या भारतीयांचं नागरिकत्व सरकारने मागे घ्यायला सुरुवात केली. त्यातला एक वैष्णोदास बगाई, सॅन फ्रान्सिस्कोत दुकान होतं, बायको कला आणि तीन मुलं. बर्कलीत घर घेतलं तर शेजाऱ्यांनी त्यांना आत पाऊलसुद्धा टाकू दिलं नाही. नागरिकत्व गेलं तसं मालमत्तेवर गदा आली कारण कॅलिफोर्नियात नागरिक होऊ न शकणाऱ्याला जमीन धरता येत नव्हती. भारतात नातेवाइकांना भेटायला जायचं तर अमेरिकन पासपोर्ट नाही, ब्रिटिश घ्या म्हणाले, आणि हा माणूस ब्रिटिशांना कंटाळूनच देश सोडून आलेला. १९२८ मधे त्याने गॅस सोडून जीव दिला. मागे चिठ्ठी ठेवली, ती वर्तमानपत्राच्या नावाने. कवटीत काही बदललं नव्हतं, रक्तात काही बदललं नव्हतं, एक निकाल बदलला होता. (सखाराम पंडितांवरही सरकारने केस घातली होती, ते मात्र वकिली डोकं लावून लढले आणि नागरिकत्व राखलं.)

पुढचं भराभर सांगते. १९२० पासून तीन जनगणनांमधे रेसच्या रकान्यात 'हिंदू' अशी रेस होती, शीख असो मुसलमान असो, सगळे हिंदू. १९४६ ला आपल्याला नागरिकत्व खुलं झालं, आणि भारतातून वर्षाला शंभर जणांना यायचा कोटा. १९७० च्या जनगणनेत आपण परत व्हाइट! आणि मग आपल्याच लोकांच्या संघटनेने सत्तरच्या दशकात वॉशिंग्टनला अर्ज केले की आम्हाला व्हाइटमधून काढा, कारण आता अल्पसंख्याक म्हणून काही हक्क मिळत होते. १९८० ला 'एशियन इंडियन' आलं. त्याच्या पन्नास-साठ वर्षं आधी गोरे म्हणून घ्या म्हणून सुप्रीम कोर्टात, आता गोरे म्हणू नका म्हणून अर्ज. मी दोष देत नाहीये, दोन्ही वेळा हिशोब बरोबरच होता. फक्त मग "नैसर्गिक आहे" असं म्हणू नका. आणि हे थांबलेलं नाही, आत्तापर्यंत कागदावर व्हाइट असलेल्या अरब आणि इराणी लोकांसाठी २०२४ मधे सरकारने वेगळा रकाना मंजूर केला.

आता त्या गेट-टुगेदरचं. रेस सायन्स आहे म्हणणारे तेच काका थोड्या वेळाने नवीन आलेल्या जोडप्याला घर कुठे घ्यावं ते समजावत होते. "अमुक टाऊन घ्या, स्कूल डिस्ट्रिक्टला (तिथल्या सरकारी शाळांना) दहापैकी नऊ मार्क आहेत, तमुक घेऊ नका, तीनच आहेत, तिकडे ते लोक जास्त, त्यांना शिक्षणाचं काही पडलेलं नसतं." आम्ही न्यूजर्सीतले समस्त मराठी लोक घर घेताना हेच करतो, मीपण केलंय. पण ते नऊ आणि तीन आले कुठून? १९३० च्या दशकात सरकारी संस्थांनी शहरांचे नकाशे रंगवले, काळे लोक राहतात त्या वस्त्या लाल, तिथे कर्ज धोक्याचं. नवीन सबर्ब उभी राहिली तर खरेदीखतातच अट, गोऱ्याशिवाय कोणाला विकायचं नाही. कर्ज नाही म्हणून घर नाही, घराची किंमत वाढली नाही म्हणून पोरांना द्यायला काही नाही. आणि इथे शाळेचा मोठा खर्च निघतो प्रॉपर्टी टॅक्समधून, म्हणजे जिथे घरं स्वस्त तिथे शाळा गरीब. १९६८ मधे कायद्याने हा भेदभाव बंद केला पण तोपर्यंत दोन पिढ्यांची घरं घेऊन झाली होती. आपण आलो नंतर आणि तयार नकाशात बसलो.

आणि आलो तरी कसे? १९६५ च्या इमिग्रेशन कायद्याने, जो सिव्हिल राइट्सच्या, म्हणजे काळ्यांच्या समान हक्कांच्या, लढ्याच्या लाटेत आला. ज्यांना काका 'ते लोक' म्हणतात त्या काळ्या लोकांनी पोलिसांची कुत्री अंगावर घेतली, पाण्याचे फवारे खाल्ले, तेव्हा कुठल्या देशातून किती लोक येऊ द्यायचे तो वंश बघून ठरवलेला कोटा गेला. आणि त्या कायद्यात नातेवाईक सोडले तर प्राधान्य कोणाला, डॉक्टर, इंजिनिअर, शिकलेले. म्हणजे निवड व्हिसा ऑफिसातच झाली. मेरिट लिस्ट लावून भरलेल्या तुकडीने आमच्यात कोणी नापास होत नाही म्हणून मिरवावं तसं आपलं चाललंय.

काकांना हे सगळं सांगितलं तर म्हणतील, तू फार वाचतेस. ते नवीन जोडपं मात्र माझ्या फ्रेंडलिस्टमधे आहे, त्यांच्यासाठी सांगते, त्या 'तमुक' टाऊनमधे लायब्ररी छान आहे, ट्रेन स्टेशनला चालत जाता येतं आणि घरं अजून परवडतात. शनिवारी मोकळे असाल तर फोन करा, दाखवून आणते.