‘शेवटची पट्टी कधी बांधलीत, सर?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

मागच्या लेखात मी लिहिलं होतं की जुनाट जखमांवरची सीएमई (डॉक्टरांना ज्ञान ताजं ठेवण्यासाठी करावं लागणारं शिक्षणसत्र) म्हणजे दोन भाषणं, एका कंपनीचा स्टॉल, पनीरची भाजी आणि क्रेडिट पॉइंट. त्यापेक्षा डॉक्टरांनी वर्षातून दोन दिवस दवाखाना बंद ठेवावा आणि एखाद्या चांगल्या डायबेटिक फूट क्लिनिकच्या ड्रेसिंग रूममध्ये जाऊन उभं राहावं. त्यावर ‘एक साधा जीपी’ अशी सही करून कुणीतरी लांबलचक प्रतिक्रिया पाठवली आहे. तिची सुरुवातच अशी : “सर, लेख वाचून वाटलं की तुम्ही शेवटची पट्टी इंटर्नशिपमध्ये बांधली असावी.”

‘सर’ म्हणायचं आणि त्याच श्वासात थोबाडीत द्यायची, ही आपल्या व्यवसायातली जुनी रीत. व्हायव्हात परीक्षक गोड हसून “बसा डॉक्टर” म्हणाले की ओळखायचं, गेलो. मतभेदाला माझी ना नाही. पण मतभेद एका बाजूला आणि टोमणा दुसऱ्या बाजूला, एवढं तरी सुशिक्षित माणसाला कळायला हवं.

आधी जे मान्य आहे ते सांगतो. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदणी नूतनीकरणाला 30 क्रेडिट पाच वर्षांत लागतात, माझ्या लेखात ‘दरवर्षी’ असं पडलं होतं. चूक माझी, दुरुस्त केली आहे. हे नोंदवून ठेवा, कारण यापुढे मी फारसं काही मान्य करणार नाही.

आता पट्टीचं. 1993 साली मी मराठवाड्यातल्या एका सरकारी रुग्णालयात सर्जरीचा रेसिडेंट होतो. सेप्टिक वॉर्डात सकाळी साडेसहाला ड्रेसिंगची ट्रॉली निघायची, ती संपेपर्यंत नाकात आयोडीन आणि पू यांचा मिळून जो वास बसायचा तो नाश्त्यालाही सुटायचा नाही. तिथे ऊसतोडीला जाणारा एक गडी दाखल होता. शुगर वाढलेली, तळव्याला अंगठ्याच्या मुळाशी रुपयाएवढं छिद्र, भोवती पांढरा घट्टा. मी तीन आठवडे रोज त्यावर हायड्रोजन पेरॉक्साइड ओतलं. फेस यायचा. नातेवाईक खूश, मी खूश. पेरॉक्साइड जंतूंबरोबर जखम भरणाऱ्या पेशींनाही सोडत नाही, हे तेव्हा मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी तो फेस बघून मी ऐकलं असतं असं नाही.

चौथ्या आठवड्यात वॉर्डाच्या इनचार्ज सिस्टरांनी त्याची चप्पल उचलली आणि माझ्यासमोर उलटी केली. तळातून खिळा वर आलेला. ती चप्पल घालून तो रोज संडासला, चहाला, बिडी ओढायला जात होता. पाय बधिर, त्याला पत्ता नाही. सिस्टर म्हणाल्या, “डॉक्टर, तुम्ही वरून बांधताय, हा खालून उघडतोय.” मग पायाला प्लास्टर घातलं. वेल्लोरला सर्जन पॉल ब्रँड यांनी कुष्ठरोग्यांच्या बधिर पायांवर हेच केलं होतं. त्यांनी दाखवून दिलं की जखम न भरण्याचं कारण रोग्याचं मांस नव्हे, न दुखणारा पाय पुन्हा पुन्हा त्याच जागेवर टेकणं हे आहे. रक्तपुरवठा बरा असेल आणि मोठा संसर्ग नसेल तर तळव्याच्या अशा जखमेला रुग्णाला स्वतः काढता येणार नाही असं, गुडघ्याखालपर्यंतचं, जखमेवरचा भार कमी करणारं साधन आधी घालावं, हे आजही पहिलं पाऊल मानतात. गडी दोन महिन्यांनी एमसीआरची (बधिर पायांसाठीच्या मऊ रबराची) चप्पल घालून गावी गेला.

ही इंटर्नशिप नव्हती, साहेब.

अजून हवंय? माझे वडील निवृत्त शिक्षक, वीस वर्षांचा मधुमेह. पाय बधिर झालाय का हे तपासायची, 10 ग्रॅमला वाकणारी मोनोफिलामेंटची तार माझ्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये होती. दर दिवाळीला घरी जायचो, पाया पडायचो आणि मोजे काढून पाय बघायचो नाही. दुसरं बोट काढावं लागलं. त्यानंतर अकरा आठवडे रोज रात्री मी स्वतः त्यांची पट्टी केली, ओसरीत, कंदिलाएवढ्या बल्बखाली. (ती तार मला एका सीएमईच्या पिशवीतच मिळाली होती, असं आता तुम्ही म्हणाल. म्हणा.) तेव्हा मी पट्टी शेवटची कधी बांधली हे विचारण्याआधी तुम्ही कुणाला विचारताय याची थोडी चौकशी करायला हवी होती. टोपणनावाआडून लिहिणाऱ्याला ही मुभा असते, मला नाही.

बाकीचं थोडक्यात. जॉर्ज विंटर या संशोधकाने 1962 साली डुकरांच्या ताज्या जखमांवर काम केलं, वर्षभर चिघळलेल्या जखमांवर नाही, म्हणून ‘ओलसर ठेवलेली जखम लवकर भरते’ हे तिथून सरळ उचलता येत नाही, असं तुम्ही लिहिता. बरं. डुकरांचं राहू दे. संसर्गाची लक्षणं नसलेल्या जखमेचा स्वॅब पाठवू नये, जंतू निघणारच आणि मग उगाच अँटिबायोटिक सुरू होणार, हे माझं म्हणणं तुम्हालाही पटतं असं तुम्हीच लिहिलं आहे. मग भांडण कशाचं?

दोन दिवस दवाखाना बंद ठेवला तर पेशंट शेजारच्या डॉक्टरकडे जातात आणि तिकडचेच होतात, हा तुमचा युक्तिवाद. गणपतीत किती दिवस बंद असतो, विचारू का?

आणि शेवटचा तुमचा प्रश्न : पट्टी प्रत्यक्षात बांधते ती सिस्टर, कंपाउंडर नाहीतर रुग्णाची बायको, त्यांना कोण शिकवणार, त्यांना कसले क्रेडिट? हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. माझा लेख डॉक्टरांसाठी होता, तसं पहिल्याच ओळीत म्हटलं होतं. त्या इनचार्ज सिस्टरांना कुणी शिकवलं हे मी कधी विचारलं नाही, पण त्याचा इथे संबंध नाही.

तरीही राग ठेवत नाही. एकदा या, स्वतःच्या नावानिशी. माझ्याकडे मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी दहाला ड्रेसिंग असतात, ग्लोव्हज मी देतो. फक्त या आठवड्यात येऊ नका. आमच्या सिस्टर रजेवर आहेत, त्यामुळे ड्रेसिंगचे सगळे पेशंट पुढच्या मंगळवारी बोलावले आहेत.